उंच बसवलेला बाहुला

मला उंचावर बसलेलं माणूस बघवत नाही. गच्चीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली पोरं दिसली की मी रस्त्यातूनच ओरडते आणि ती पोरं वरून दात काढतात. धारच्या आमच्या गल्लीत त्यांनी मला 'गेमवाली आजी' असं नाव ठेवलं आहे. नाव खोटं नाही. माझी सगळी नोकरी तरुण मुलांना कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसवण्यात गेली. ज्या गोष्टीसाठी इतर मास्तर पोरांवर डाफरत, तीच मी तासाला करून घेई, आणि कॉलेज त्याला शिकवणं म्हणे. निवृत्त झाल्यावर माणसाला मानसन्मान आठवावेत, निरोपाची शाल आठवावी. मला मात्र जरीचा परकर नेसलेली, डोक्यावर मुकुट घातलेली एक लहान मुलगी आठवते. देवासच्या भर रस्त्यात, लोकांच्या डोक्यांवर, एका लोखंडी दांड्याच्या टोकाला ती अडकली होती. त्या दांड्याची कल्पना माझ्या लॅबमध्ये जन्मली होती.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. डिझाइन म्हटलं की आपल्या लोकांना साडीवरची वेलबुट्टी आठवते. मी शिकवत असे ते वेगळं. खुर्ची, हातपंप, गाडीचं दार, दवाखान्यातली खाट, अशी रोजची वस्तू नव्यानं कशी सुचावी, हे. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "सुचणं शिकवता येतं का?" मी म्हटलं, सुचणं नाही शिकवता येत, पण न सुचण्याची कारणं काढून टाकता येतात. उत्तर ऐनवेळी तोंडातून गेलं होतं. पुढे सगळी नोकरी मी ते खरं करून दाखवण्यात घालवली.

न सुचण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे पहिली कल्पना. ती एकदा डोक्यात शिरली की हट्टी भाडेकरूसारखी जागा सोडत नाही. कागदावर काम करणारा मुलगा पहिलं चित्र खोडायला तयार नसतो. मेहनत वाया जाईल, आणि दुसरं फसलं तर चारचौघांत हसं होईल, अशी धास्ती असते. गेममध्ये ही धास्तीच नाही. पूल पडला तर पडला. बटण दाबायचं, पुन्हा बांधायचा. म्हणून मी गेम वापरू लागले. सोबत एक छोटासा प्रोग्राम चालू ठेवायचा. खेळणाऱ्यानं काय लावलं, काय काढलं, कुठं हात थांबला, ते सगळं तो टिपून ठेवी. मी ते पुन्हा चालवून बघत बसे, जुनी मॅच बघतात तसं. कोण कुठं अडकतं आणि अडकलेला सुटतो कसा, हा माझा अभ्यास. मग मुलांना त्यांचाच खेळ दाखवायचा. आपण एकाच ठिकाणी कसे डोकं आपटत बसलो होतो हे डोळ्यांनी दिसलं की भलेभले नरम येत.

आमच्या लॅबचा स्वतःचा एक गेम होता, विद्यार्थ्यांनीच बनवलेला. पडद्यावर थोड्या कांबी, दोऱ्या, चाकं, वजनं, शिडीचे तुकडे असं सामान, आणि एक बाहुला. दिलेल्या सामानात बाहुल्याला जितकं उंच बसवता येईल तितकं बसवायचं. तो वर टिकला की हिरवा दिवा. सगळं कोसळलं तर बाहुला खाली आपटे, उठून ढुंगण झटके आणि हसतमुखानं पुन्हा उभा राही. मुलांनी त्याचं नाव 'भिया' ठेवलं. आमच्या माळव्यात ओळखीचा असो की अनोळखी, जो तो भिया असतो, म्हणजे भाऊ. दिवसभर लॅबमधून "भिया गिर गया!" असा गलका येई आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर धाडकन दार लावून घेत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत. एकदा कार्यशाळेला बाग गावचे एक छपाईवाले चाचा आले होते, कापडावर लाकडी ठप्प्यांनी छाप उमटवणारे. ते माऊसवर हात ठेवून नुसते बसून राहिले. एक कांबही लावेनात. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, हमारे यहाँ ठप्पा लग गया तो लग गया." मी त्यांना केलेलं मागं घेण्याचं बटण दाखवलं. त्यांनी एक कांब लावली, बटण दाबलं, कांब गेली. पुन्हा लावली, पुन्हा घालवली. संध्याकाळपर्यंत त्यांचा भिया अशा अचाट मनोऱ्यांवर नाचत होता की आमची पोरं आपापला खेळ सोडून त्यांच्या मागं उभी राहिली. जाताना त्यांनी विचारलं, "ये बटन कपडे पे भी लगता है क्या?" आम्ही सगळे खूप हसलो. ते सर्वांत जास्त हसले.

आणि सरदारपूरची एक मुलगी होती, फार गप्प. तिचं सामान नेहमी अर्ध्यात संपे. एके दिवशी तिनं मुद्दाम आपला पहिला मनोरा पाडला आणि त्याच्या ढिगाऱ्यावर दुसरा उभा केला. पडलेलं सामान आपण होऊन नाहीसं होत नाही, हा गेमचा नियम सगळ्यांना माहीत होता आणि सगळे त्याला वैतागलेले होते. तिनं त्यालाच पाया केलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्गाला मी सांगत असे, की नियमाशी भांडत बसू नका, त्याला कामाला लावा. हे वाक्य मला स्वतःला असं भररस्त्यात वापरावं लागेल, असं काही वाटलं नव्हतं.

मकरंद हा माझ्या हाताखालून गेलेला सगळ्यात निडर खेळाडू. देवासचा, पण शिकायला धारला मामाकडे राहिलेला. नंतर पीथमपूरच्या एका कारखान्यात लागला आणि शिफ्टच्या बसमधून मला फोन करी, मागं दहा जणांचा आरडाओरडा. त्याचं घराणं देवासच्या पवार राजांच्या दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आलेलं, तेव्हापासून सुतारकाम, आता फर्निचरचं दुकान. त्याचे वडील आबासाहेब अजून पोथीतल्यासारखं मराठी बोलतात. "बसावे. जेवणे झाली काय?" असं विचारतात. मुलगा मात्र एका वाक्यात तीन भाषा फिरवून येतो.

त्यांच्या गणेश मंडळाची झांकी देवासमध्ये नावाजलेली. झांकी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभारलेला हलता देखावा. अनंत चतुर्दशीला तो गणपतीबरोबर मिरवत तलावापर्यंत न्यायचा. बाकीच्या मंडळांचे देव पुठ्ठ्याचे आणि फोमचे. या मंडळाची लक्ष्मी जिवंत असते, घराण्यातली एखादी मुलगी. निघताना तिची आरती होते, आणि एकदा आरती झाली की ती देवी. मग तलावाकाठी निरोपाची पूजा होईपर्यंत तिला खाली उतरवायचं नाही, तिचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. हे फार जुनं आहे, आणि ते मानणारी माणसं काही अडाणी नाहीत, चांगले इंजिनियर आणि बँकवाले आहेत.

त्या वर्षीची लक्ष्मी होती मुक्ता, मकरंदची भाची. मकरंदची बहीण वैशाली माहेरच्याच गल्लीत दिलेली, तिची ही एकुलती एक मुलगी. दुसरीत असेल. गोल चेहऱ्याची, बडबडी. मराठी बोले, पण वाचायचं म्हटलं की, "मॅडमआजी, हिंदी में है क्या?" असं विचारी.

मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात मकरंदनं मला बोलावलं. "मॅडम, तुमच्या गेमवाली आयडिया खरीखुरी बनवून राहिलोय. बघायला या ना!" मी धारहून बस बदलत देवासला गेले. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॉली उभी होती. बागेत मुलांचा सी-सॉ असतो तसा एक लांब लोखंडी दांडा, मधोमध खुंटावर टेकलेला. एका टोकाला कमळाची बैठक. दुसऱ्या टोकाला मुक्ताच्या वजनाइतकी लोखंडी वजनं. दोन्ही बाजू तोललेल्या, त्यामुळे एक लहानशी मोटर साखळीनं दांडा वरखाली करू शके. बैठक थर्मोकोलच्या पाकळ्यांतून अलगद वर जाई. दांड्याला आभाळाच्या रंगाचं कापड गुंडाळलं की लक्ष्मी हवेत तरंगते आहे असंच वाटावं. मी ओळखलं. हा त्याचाच लॅबमधला मनोरा होता. भियाला त्यानं असंच बसवलं होतं, आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

त्यानं चालवून दाखवलं. बैठकीवर गव्हाचं पोतं बांधलेलं होतं, मुक्ताच्या वजनाचं. पोतं वर गेलं, थांबलं, डौलात खाली आलं. जमलेली माणसं वाहवा करू लागली. मला मात्र ते बघवेना. का, ते मला लगेच सांगता येईना. मी पोत्याकडं बघत राहिले. ते किती निवांत बसलं होतं.

"मकरंद," मी म्हटलं, "ती घाबरली तर?"

"कोण, मुक्ता? ती नाही घाबरत, मॅडम. एकदम डेरिंगबाज आहे."

"तसं नाही. घाबरलेलं माणूस हलतं रे. पोतं हलत नाही."

तो हसला. मग मी हसत नाही असं बघून त्यानं बैठकीला कमरेचा पट्टा लावायचं कबूल केलं, आणि लावलाही. कारखान्यातून चांगला जाड पट्टा आणला. मी म्हटलं, एवढ्या उंचावर नेऊच नको. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर शिकवलं, घाबरत बसलं तर नवीन काही होत नाही." परत येताना बसमध्ये मी डोळे मिटले की पोतं दिसे. त्याला मुकुट घातलेला असे.

अनंत चतुर्दशीला या मंडळाची मिरवणूक दुपारीच निघते. मी पोचले तेव्हा आरती चालली होती. मुक्ता कमळात बसली होती, गालांना लाली, कपाळाला मोठं कुंकू. एक हात मांडीवर, दुसरा उचललेला, तळवा लोकांकडे. देव चित्रात धरतात तसा अभय देणारा हात. भिऊ नका, असं सांगणारा. वैशालीनं तिला तो हात तसाच धरून ठेवायला शिकवलं होतं. आरती संपली, आबासाहेबांनी नातीच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि ढोल सुरू झाले.

पहिला अर्धा रस्ता सगळं छान झालं. दांडा वर जाई, बायका गॅलरीतून फुलं टाकत, दांडा खाली येई. मी ट्रॉलीच्या बाजूनं चालत होते, पण मला झांकी दिसतच नव्हती. मला फक्त बैठक आणि दांड्याचा सांधा दिसत होता. कुणीतरी माझ्या हातावर प्रसाद ठेवला, तो मी कुठं टाकला आठवत नाही.

दोन दुकानांच्या मधल्या वळणावर ट्रॉलीचं चाक खड्ड्यात गेलं. खाट्‌ असा आवाज आला. दांडा वर जाता जाता थांबला, पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या उंचीला. लोकांना वाटलं, दर्शनासाठीच थांबवला आहे. त्यांनी हात जोडले. ढोल दुप्पट जोरात वाजू लागले.

मी मकरंदकडं बघितलं. तो मोटरपाशी वाकला होता. वर बघितलं त्यानं, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मॅडम, साखळी अटकली. ना वर जाऊन राहिली, ना खाली."

मग मी मुक्ताकडं बघितलं. ती हसत होती, शिकवलं होतं तसं. पण तिचा तो अभय देणारा हात थरथरत होता.

खाली शेकडो माणसं त्या हाताला नमस्कार करत होती आणि तो हात कापतो आहे हे कुणाला दिसत नव्हतं. अडकलेल्या साखळीत थोडी ढील होती. हात कापला की बैठक हलत होती, बैठक हलली की दांडा डुलत होता, दांडा डुलला की ती आणखी घाबरत होती. दर वेळी डुलणं थोडं वाढत होतं आणि मधल्या सांध्यातून करकर आवाज येत होता. पट्ट्यानं ती बैठकीला बांधलेली होती. बैठक दांड्याला बांधलेली होती. दांडाच मोडला तर पट्टा काय करणार? मी असले कोसळणारे मनोरे हजारदा बघितले होते. कोसळण्याआधी ते असेच डुलत.

"बंद करा ते ढोल!" मी किंचाळले. ढोल थांबायला वेळ लागला. वैशाली गर्दीतून घुसत ट्रॉलीपाशी आली. तिनं वर बघितलं आणि पदर तोंडात धरला. मंडळातले दोघंचौघं धावत आले. तलाव जवळच आहे, म्हणाले, हळूहळू ट्रॉली नेऊ, तिथं पूजा करू, मग उतरवू. पुढचा रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला दांडा कसा उसळेल, ते मला आधीच दिसत होतं.

मी आबासाहेबांपाशी गेले. "हिला आत्ता उतरवा. इथंच."

त्यांचे हात जोडलेलेच होते. "बाई, आरती झाली आहे," ते म्हणाले. "आता ती आमची नात नव्हे. तिला अर्ध्या वाटेत उतरवणे आमच्या हातून व्हायचे नाही." त्यांनाही भय वाटत होतं, पण ते वेगळं.

शेजारच्या रंगाच्या दुकानातून कुणीतरी लांब शिडी आणली. मी वर मान करून हाक मारली, "मुक्ता, बाळ, शिडी लावतो आहोत. आई येते वर. तिच्याकडं जा, हं?"

मुक्तानं मान हलवली. नाही म्हणून. दांडा डुलला.

"मॅडमआजी, आरती हो गई ना," ती वरून म्हणाली. बारीक आवाजात, ओठ न हलवता, हसू तसंच ठेवून. "अब मैं नहीं उतर सकती. देवी नाराज होगी."

आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही. मोटर, साखळी, सांधा, यांचं काहीतरी करता आलं असतं. पण पोर स्वतःच उतरायला तयार नव्हती. आई शिडीवर चढून तिला ओढू लागली असती आणि ती बैठक घट्ट धरून बसली असती तर दांडा तिथंच मोडला असता. आणि ती धरून बसणारच होती, कारण तिला सांगितलेलं सगळं ती चांगल्या मुलीसारखी पाळत होती.

सरदारपूरची ती गप्प मुलगी मला त्या क्षणी आठवली असं म्हणायला छान वाटेल. खरं म्हणजे मला काहीच आठवत नव्हतं. मला ट्रॉलीच्या पुढच्या भागात गणपती दिसला आणि त्याच्यापुढचं पूजेचं ताट दिसलं. त्यात अक्षता होत्या, तलावाकाठच्या पूजेसाठी ठेवलेल्या.

"आबासाहेब," मी म्हटलं, "उतरवू नका. निरोप द्या. गणपतीला देतो तसा. अक्षता टाका, मंत्र म्हणा. देवी जाईल. मग वर राहील ती तुमची नात."

"तलावाशिवाय?"

"गणपतीची उत्तरपूजा आपण घरीच करतो की. मग नेतो पाण्यावर."

मग त्यांनी प्रथमच वर बघितलं. देवीकडं बघतात तसं नाही, आजोबा बघतात तसं. जोडलेले हात सुटले.

"ताट आणा," ते म्हणाले.

मोठ्या आवाजात त्यांनी निरोपाचा मंत्र म्हटला. मूठभर अक्षता घेऊन वर फेकल्या. त्या बैठकीपर्यंत पोचल्याच नाहीत, निम्म्यावरून पाकळ्यांवर सांडल्या. मुक्ता खाली वाकून बघू लागली आणि दांडा करकरला.

"पोचल्या बाळ, पोचल्या!" आबासाहेब ओरडले. "देवी गेली हो! आता तू ये!"

आणि मुक्तानं भोकाड पसरलं. तोपर्यंत तिला रडतासुद्धा येत नव्हतं. देवी रडत नाही ना.

रडण्यानं दांडा जोरात डुलू लागला. आता एकेक क्षण मोलाचा होता. ती बैठकीवरून उतरली की दुसऱ्या टोकाचं लोखंड खाली जाणार आणि हे टोक उसळून शिडीवरच्या वैशालीला लागणार, हे मकरंदनं माझ्याआधी ओळखलं. तो आणि मंडळाची चार माणसं वजनांखाली खांदे देऊन उभी राहिली. वैशाली नऊवारीचा काष्टा घट्ट करून शिडी चढली. तिनं पट्टा सोडला. मुक्तानं आईच्या गळ्याला अशी मिठी मारली की शिडी मागं झुकली, आणि खालच्या लोकांनी ती छातीनं रेटून धरली. त्याच वेळी सगळं लोखंड त्या पाच खांद्यांवर आलं. मकरंद गुडघ्यांवर बसला, पण त्यानं वजन सोडलं नाही. आईच्या कडेवरून मुक्ता खाली आली आणि तिचे अनवाणी पाय रस्त्यावर टेकले. मी तिथंच फुटपाथवर बसले.

गणपती पुढं तलावावर गेला. कमळ रिकामं गेलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण लोक आहेत ना. दुसऱ्या दिवशी मंडळानं साखळी बसवली, पोतं बांधलं आणि दांडा चालवून बघितला. "एकदम मक्खन, मॅडम," मला फोनवर सांगण्यात आलं. सांधा शाबूत होता. एकानं तर, मॅडमनी उगाच पोरीला घाबरवलं, असंही ऐकवलं. माझ्याकडं पुरावा काही नव्हता. दांडा मोडला नव्हता. कदाचित मोडलाही नसता. ज्या भीतीनं मी अजून दचकून उठते ती खरी होती की फुकटची, हे मला कधीच कळणार नाही. पुढच्या वर्षापासून लक्ष्मी ट्रॉलीच्या पाटावरच बसू लागली, एवढं मात्र झालं. तेही का, ते कुणी मला सांगितलं नाही.

मकरंदचा खांदा बरेच दिवस दुखत होता. तेवढ्या रजेत त्यानं आमचा गेम उघडला आणि भियाला भीती घातली. आता बैठक डुलली की भिया थरथरे, त्याच्या थरथरण्यानं बैठक आणखी डुले, आणि पडला की तो लगेच उठून हसत नसे. विद्यार्थ्यांना हा नवा भिया अजिबात आवडला नाही. "मॅडम, ये तो रोता है," म्हणून त्यांनी जुनाच लावायला सांगितला. माझ्यानंतर लॅबमध्ये जुनाच चालतो, असं ऐकते. मी त्यांना दोष देत नाही. पोरांची भीती घालवणं हेच तर माझं काम होतं, आणि ते मी चांगलं केलं, असं अजूनही वाटतं. फक्त वर जो बसणार त्याच्या भीतीची सोय मी कुठंच केली नव्हती. इतकी वर्षं इतक्या मुलांचे खेळ मी पुन्हापुन्हा चालवून बघितले, तरी ती जागा रिकामी आहे हे मला दिसलं नाही.

गेल्या भाऊबिजेला वैशाली धारला आपल्या मामाकडं आली होती, तेव्हा मुक्ताला घेऊन माझ्याकडं डोकावली. मुक्ता आता बरीच उंच झाली आहे. फराळाचं ताट पुढं ठेवलं तर तिनं चकली उचलली आणि माझ्या लॅपटॉपसमोर जाऊन बसली. थरथरणारा भिया मी जपून ठेवला आहे. मी तिला खेळ समजावला. याला जितकं उंच बसवशील तितकं बसव, हिरवा दिवा लागला की जिंकलीस.

तिनं भियाला हात लावला नाही. सामानातले शिडीचे तुकडे वेगळे काढले. ते तुकडे सगळेजण टेकू म्हणून वापरत आले होते. तिनं ते एकावर एक लावून जमिनीपासून वरपर्यंत शिडी उभी केली, शेजारी एकही कांब नसताना. लाल अक्षरं आली, पुन्हा प्रयत्न करा. तिनं तिकडं बघितलंही नाही. मग भियाला धरून शिडीच्या टोकाला नेलं आणि तिथून एकेक पायरी, फार सावकाश, खाली आणलं. वरच्या पायऱ्यांवर तो थरथरत होता. खालच्या पायऱ्यांवर थांबला. त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत तिनं माऊसवरचं बोट सोडलं नाही.

मग चकलीचा तुकडा तोंडात टाकून ती माझ्याकडं वळली.

"हं," ती म्हणाली, "आता चढवा याला."